एक हजार चोवीस घरं

१९९८ सालची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एका कार्यालयात दाखल्यासाठी बसून होतो. टेबलापलीकडचे गृहस्थ संगणकात अगदी बुडून गेले होते. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, कडेला फायलींची चळत होती आणि साहेबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक हिरवागार चौकोन दिसत होता. त्या हिरव्यावर पांढरं काही तरी इकडून तिकडे सरकायचं. अर्ध्या तासानं काचांमध्ये पत्त्यांचं कारंजं उडालं, साहेबांचा चेहरा उजळला आणि त्या प्रसन्नतेच्या भरात माझ्या अर्जावर सही झाली.

सॉलिटेअर! आमच्याकडे त्याला नुसतं ‘पत्ते’ म्हणत. महाराष्ट्रातल्या किती लोकांची माउसशी पहिली ओळख त्या पत्त्यांनी करून दिली असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पत्ता दाबून धरायचा, ओढायचा, सोडायचा. एवढं जमलं की ‘मला कॉम्प्युटर येतो’ म्हणायला माणूस मोकळा. त्या पत्त्यांवरचे राजा, राणी, गुलाम कुणी तरी बसून काढले असतील, हे मात्र तेव्हा डोक्यातही आलं नाही. भाताबरोबर वाफ यावी तशी ती चित्रं संगणकाबरोबर आपोआप आली असावीत, असंच आपण धरून चाललो.

ती आपोआप आली नव्हती. सुझन केअर नावाच्या अमेरिकन बाईनं ती ठिपक्याला ठिपका लावून काढली होती. हे नाव मी बऱ्याच उशिरा वाचलं, आणि मग लक्षात आलं की आपण हिच्या चित्रांवर रोज बोट ठेवत आलोय. गेली दोन-तीन वर्षं मी तिच्या कामाच्या मागावर आहे. तिच्या मुलाखती, तिच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, तिच्या वहीच्या पानांची छायाचित्रं हे सगळं धुंडाळलं. आणि मुख्य म्हणजे १९८४ च्या मॅकिन्टॉश या यंत्राचं सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालवून पाहिलं. त्याच्या पडद्यावर तिची चित्रं पहिल्यांदा उमटली होती. तिला भेटलेलो नाही. तिनं केलेलं काम मात्र आपल्या सगळ्यांना रोज भेटतं.

गोष्ट सुरू होते ती डुकरापासून. १९८२ मध्ये केअर कॅलिफोर्नियात एक रानडुक्कर घडवत होती. अर्कान्सॉ राज्यातल्या एका संग्रहालयानं तिच्याकडे रानडुकराचं पूर्णाकृती शिल्प मागितलं होतं आणि बाई वेल्डिंग करत बसल्या होत्या. त्याच दिवसांत शाळेतला मित्र अँडी हर्ट्झफेल्ड याचा फोन आला. हा अ‍ॅपल कंपनीत एका नव्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहीत होता. त्या यंत्राला काही चित्रं हवी होती आणि काही अक्षरं. तू काढशील का?

संगणकाचा आणि तिचा तोवर काही संबंध नव्हता. जन्म १९५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचा. वाढली फिलाडेल्फियाच्या आसपास. वडील चव आणि गंधाच्या संवेदनांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. आईनं तिला लहानपणी धागे मोजून भरायचं भरतकाम शिकवलेलं. माउंट होलिओक कॉलेजात कलेची पदवी, मग १९७८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय ऐकण्यासारखा आहे: दोमिए आणि क्लेस ओल्डेनबर्ग यांच्या शिल्पांमधलं व्यंगचित्रण. दोमिए एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच व्यंगचित्रकार, चिकणमातीत पुढाऱ्यांची थोबाडं वळणारा. ओल्डेनबर्ग म्हणजे कपड्याला लावायचा साधा चिमटा पंचेचाळीस फूट उंच करून भर फिलाडेल्फियात उभा करणारा अवलिया.

बहुतेक लेखांत हा प्रबंध एका ओळीत उरकतात. मला वाटतं, सगळं तिथंच आहे. व्यंगचित्रकार काय करतो? माणसाच्या चेहऱ्यावरच्या शंभर गोष्टींतल्या सत्याण्णव सोडून देतो. उरलेल्या तीन अशा निवडतो की बघणाऱ्याला ‘अरे, हा तर तोच!’ असं वाटावं. दिवाळी अंकांच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आपण लेखांच्या आधी व्यंगचित्रंच बघतो. काय सोडायचं याचा अभ्यास तिनं प्रबंधासाठी केला होता, आणि मग तिला असं काम मिळालं की ज्यात सोडून देण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

हर्ट्झफेल्डनं सांगितलं होतं, बाजारातली सगळ्यांत बारीक चौकटीची वही घे. आडवी बत्तीस, उभी बत्तीस घरं आखून घे. प्रत्येक घर एक तर काळं करायचं, नाही तर पांढरं ठेवायचं. करड्याची सोय नाही. अडीच डॉलरच्या आसपास किमतीची वही तिनं घेतली आणि घरं भरायला लागली.

बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे एक हजार चोवीस घरं. काळ्यासाठी एक, पांढऱ्यासाठी शून्य. संगणकाच्या हिशेबात हे १२८ बाइट होतात. ज्या यंत्रासाठी हे चाललं होतं, त्याची सगळी मिळून स्मृती १२८ किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘शुभ सकाळ’ची एक गुलाबाची तसबीरही त्यात मावायची मारामार. पडदा नऊ इंची, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत खिडक्या, कागद, अक्षरं, चित्रं, सगळ्यांनी सुखानं नांदायचं होतं.

हे किती अवघड आहे ते कळावं म्हणून मीही गणिताची चौकटीची वही आणली. विषय निवडला चहाचा कप. सोपा वाटला. पहिला कप बादलीसारखा झाला. कान काढला तर टांगलेला कंदील झाला. बशी घातल्यावर त्याला होडीचं रूप आलं. वाफ काढावी म्हणून वर दोन नागमोडी रेघा ओढल्या. आणि तिथं कळलं की बत्तीस घरांत नागमोडी रेघ नावाची गोष्टच नसते, असतात त्या पायऱ्या. गोलाईचा भास निर्माण करायला एखादं घर नेमक्या जागी रिकामं सोडावं लागतं. ती जागा कोणती, हे मला आठ पानांनंतरही कळलं नव्हतं.

शेजारी आत्या बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं आयुष्यभर मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घातला आहे. आमच्या घरात असा एकही टेबलक्लॉथ नाही ज्याच्या कोपऱ्यात तिचा मोर नाही. तिनं वही पाहिली आणि म्हणाली, “अरे, हा नमुना आहे. चित्र काय काढतोस? घरं मोज.” तिनं कपाच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांतलं एकेक घर खोडलं. कप झाला.

मला अर्थात खूप राग आला.

पण आत्याला जे हातानं ठाऊक होतं तेच केअरला ठाऊक होतं. मोझेक, भरतकाम आणि पडद्यावरचे ठिपके ही एकाच जातीची कामं आहेत, आणि आपल्याला त्यांतलं पहिलं-दुसरं येत असल्यामुळे तिसरं परकं वाटलं नाही, असं तिनं मुलाखतींमधून अनेकदा सांगितलं आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. संगणकाच्या इतिहासात तंत्राचे पुरुष ठळक टाइपात छापलेले असतात; त्या तंत्राला चेहरा देणारी विद्या मात्र घराघरांतल्या माजघरातून आली. ही विद्या शिकवणाऱ्या आयांची नावं कुठल्या पुस्तकाच्या सूचीत सापडत नाहीत, तो भाग वेगळा.

अ‍ॅपलच्या मुलाखतीला जाताना तिनं पालो आल्टोच्या सार्वजनिक वाचनालयातून अक्षररचनेवरची पुस्तकं काढून नेली आणि आपली भरलेली वही. अक्षरांची ओळख अगदीच नव्हती असं नाही. शाळेत असताना सुट्टीत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये एका डिझायनरच्या हाताखाली तिनं उमेदवारी केली होती. १९८३ च्या जानेवारीत नोकरी लागली. कार्डावर हुद्दा छापला: ‘मॅकिन्टॉश आर्टिस्ट’.

हर्ट्झफेल्डनं तिच्यासाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलं. त्यात पडद्यावर मोठी चौकट दिसायची. माउसनं घर दाबलं की काळं, पुन्हा दाबलं की पांढरं. बाजूला तेच चित्र खऱ्या आकारात दिसत राहायचं. पाठीमागं त्या चित्राचे आकडे आपोआप तयार व्हायचे, म्हणजे ते उचलून थेट प्रोग्रॅममध्ये घालता यावेत. वहीतला खोडरबर संपला आणि तिचा वेग वाढला.

मग जे निघालं ते आजही ओळखीचं आहे. रंगाचा डबा ओतणारी बादली. दोरीचा फास. कात्री. पंजा. थांबा म्हणून सांगणारं मनगटी घड्याळ. यंत्र सुरू झालं आणि सगळं ठीक असलं की पडद्यावर येणारा हसरा छोटा मॅकिन्टॉश, आणि बिघाड असला तर डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला त्याचाच दुःखी भाऊ. त्या हसऱ्या चेहऱ्यात घरं किती ती मोजा: डोळ्यांच्या दोन काड्या, नाकाची एक वळलेली रेघ, ओठांची एक. तेवढ्यावर ते यंत्र ‘या, बसा’ म्हणायचं. तोवरचे बहुतेक संगणक माणसाकडे काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या एका रेघेनं बघत, आणि माणूस वर्गात उभं केलेल्या पोरासारखा घाबरून उभा राही.

नाकारलेली चित्रं अधिक मजेची आहेत. ‘कॉपी’ या आज्ञेसाठी तिनं आरशात बघणाऱ्या मांजराचा विचार केला होता. इंग्रजीत नक्कल करणाऱ्याला नकलाकार मांजर म्हणतात, त्यावरची ही कोटी. ती टिकली नाही, आणि ते बरंच झालं. मराठी माणसाला आरशातल्या मांजराचा अर्थ लावताना फेस आला असता. ‘पेस्ट’साठी एक बोट काढलेलं दिसतं. यंत्र सुरू होण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच बुटालाही आहे, म्हणून चक्क बूट काढून ठेवलाय. क्रिया म्हणजे हलणारी गोष्ट. ती न हलणाऱ्या चित्रात पकडायची तर अंगाला घाम फुटतो, हे त्या पानांवरून कळतं. वस्तू काढणं सोपं. क्रियापद काढून दाखवा!

मी जुना मॅकिन्टॉश चालवला तेव्हा सर्वांत जास्त वेळ थांबलो तो त्याच्या नियंत्रण फलकावर. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. कळ दाबून धरल्यावर अक्षर किती वेगानं उमटत राहावं, हे ठरवायचं असतं. त्याच्या एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. बस्स. इसापाची ती गोष्ट आपण पहिली-दुसरीत वाचलेली असते, अमेरिकेतली मुलंही वाचतात. ‘कळ-पुनरावृत्तीचा वेग: मंद / द्रुत’ असं काही तरी आपल्याकडच्या एखाद्या समितीनं लिहिलं असतं. ससा आणि कासव बघून आत्यानं विचारलं, “काय, शर्यत आहे का?” मी म्हटलं, “तू कुठे जाशील?” तिनं कासवावर बोट ठेवलं. तिचं काम झालं होतं, आणि तिला इंग्रजीचा एक शब्द वाचावा लागला नव्हता.

आणि बॉम्ब. यंत्र कोलमडलं की एक चौकट यायची, त्यात काळा गोल बॉम्ब आणि त्याची पेटलेली वात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी केअरला सांगितलं होतं की हे चित्र सहसा कुणाच्या नजरेस पडणार नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या अशा शब्दावर विश्वास ठेवू नये, हा धडा जगाला पुढे मिळालाच. बॉम्ब पडद्यावर भरपूर दिसला. एका बाईनं घाबरून कंपनीला फोन केला की माझं यंत्र आता फुटणार का, असा किस्सा सांगितला जातो. आपल्याकडच्या दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटली की काय करायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या बाईची काही चूक मला दिसत नाही. चित्र नेमकं होतं, जरा जास्तच नेमकं.

अक्षरांची हकिगत वेगळी. तोवर बहुतेक संगणकांच्या पडद्यावरची अक्षरं टाइपरायटरसारखी असत. बारक्या ‘आय’ला जेवढी जागा तेवढीच धष्टपुष्ट ‘एम’ला. मॅकिन्टॉशवर प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळणार होती. केअरनं मेनूसाठी जे अक्षर घडवलं त्याचं सुरुवातीचं नाव होतं एलेफाँट. त्यातली युक्ती साधी होती. रेघ उभी असेल, आडवी असेल किंवा बरोबर पंचेचाळीस अंशांत तिरकी. अधलामधला कोन नाही. ठिपक्यांच्या पडद्यावर याच तीन दिशांना दाते पडत नाहीत. मला कपाच्या वाफेत जे जमलं नव्हतं, त्यावर तिचा तोडगा असा: जे जमणार नाही त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

नावांची गंमत त्यानंतरची. ती आणि हर्ट्झफेल्ड दोघंही फिलाडेल्फियाच्या उपनगरांतले. म्हणून त्यांनी आपल्या लोकलच्या स्टेशनांची नावं अक्षरांना दिली: ओव्हरब्रूक, मेरियन, आर्डमोर, रोझमाँट. म्हणजे आपल्याकडे कुणी कांजुर, भांडुप, नाहूर, मुलुंड अशी ठेवावीत तसं. कंपनीचा एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यानं ती ऐकली आणि नाक मुरडलं. शहरांची नावं द्यायची तर जगात ज्यांना मान आहे अशा शहरांची द्या! म्हणून एलेफाँटचं शिकागो झालं, आणि मागोमाग जिनिव्हा, मोनॅको, न्यूयॉर्क आले. मला स्वतःला भांडुप नावाच्या अक्षरात लेख लिहायला आवडलं असतं. शिकागोनं १९९७ पर्यंत मॅकिन्टॉशच्या मेनूवर राज्य केलं आणि २००१ मध्ये आयपॉडच्या चिमुकल्या पडद्यावर ते पुन्हा अवतरलं, कारण लहान जागेत वाचता येण्याच्या परीक्षेत ते आधीच पास झालेलं होतं.

इथं जरा थांबून आपल्या अक्षरांकडे बघायला हवं. शिकागोचा तीन दिशांचा तोडगा देवनागरीला लागू पडत नाही. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा, तिच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, पायाशी उकार, शिवाय पोटात पोट घातलेली जोडाक्षरं. ‘ळ’, ‘ह’, ‘ज्ञ’ यांच्या गोलाया सरळ रेघांत बसवणं म्हणजे नऊवारीच्या निऱ्या फूटपट्टीनं घालणं. विंडोज २००० बरोबर जे ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर आलं आणि ज्यात आपण वर्षानुवर्षं अर्ज, पत्रं, बातम्या वाचल्या, ते र. कृ. जोशींचं. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणारे प्राध्यापक. ‘मंगल’ कुणाला सुंदर वाटो न वाटो (मला ते कायम थोडं खरखरीत वाटलं), पण ज्या वाचकानं कोटीभर शब्द त्यात वाचले, त्याला जोशींचं नाव विचारून बघा. केअरचं नाव निदान तिच्या देशात लोकांना ठाऊक झालं.

मॅकिन्टॉशच्या कीबोर्डवर एक चौफुली आहे, चारही कोपऱ्यांना वेटोळं असलेली. हिची कथाही जॉब्जच्या वैतागातून जन्मली. मेनूमध्ये प्रत्येक आज्ञेपुढे कंपनीचं सफरचंद दिसत होतं. जिकडे तिकडे आपला ट्रेडमार्क बघून तो चिडला. काढून टाका म्हणाला. वेळ थोडा होता. केअर चिन्हांचा कोश चाळत बसली आणि तिला ही चौफुली सापडली. स्वीडनमध्ये ‘इथे बघण्यासारखं काही आहे’ हे सांगायला रस्त्यावर लावतात ती खूण. पुढे केव्हा तरी तिच्या कानावर आलं की ती स्वीडनमधल्या बोर्गहोमच्या किल्ल्याला वरून पाहिल्यावर दिसणारा आकार असावा, कोपऱ्यांवर चार गोल बुरूज. चिन्ह मुळात त्याहून पुष्कळ जुनं आहे. गॉटलंड बेटावरच्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव शिळेवर ते सापडतं. शिळेवरून रस्त्यावर, रस्त्यावरून कोशात आणि कोशातून कीबोर्डवर. तिनं ते निर्माण केलं नाही, निवडलं. डिझायनरच्या कामात निवडण्याचा वाटा किती मोठा असतो हे आपल्याकडे अजून नीट मानलं जात नाही. ‘यात तुम्ही काय केलंत?’ असं विचारून बिल निम्मं करणारे सगळीकडे असतात.

तिचं कौतुक करताना एक पथ्य पाळलं पाहिजे. पडद्यावरच्या चिन्हांची जननी म्हणून तिला मखरात बसवण्याची आता पद्धत पडली आहे. ते खरं नाही. पडद्यावरच्या चित्राला ‘आयकॉन’ हे नाव डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यानं १९७५ च्या आपल्या प्रबंधात दिलं. झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या यंत्रावर १९८१ मध्येच नॉर्म कॉक्सनं काढलेले कागद, फायली, टपालाच्या पेट्या होत्या. अ‍ॅपलच्याच ‘लिसा’वर मॅकिन्टॉशच्या आधी कचऱ्याचा डबा आलेला होता. केअरनं नवं आणलं ते चित्रांच्या स्वभावात. आधीची चित्रं कार्यालयीन होती, नोटीस बोर्डासारखी. तिच्या चित्रांत मिश्कीलपणा आला. तिचाच एक चित्रांचा फाँट आहे, कैरो नावाचा. त्यात ‘झेड’ दाबलं की कुत्रा आणि गाय यांच्यामधला एक प्राणी येतो, अंगावर ठिपके असलेला. तो नक्की कोण यावर अ‍ॅपलमध्ये पुढे वर्षानुवर्षं विनोद चालले. आणि याच बाईनं, चाच्यांचा झेंडा हवा म्हणून, काळ्या कापडावर कवटी रंगवली आणि तिच्या डोळ्यावर पट्टी म्हणून कंपनीचं सहा रंगांचं सफरचंद चिकटवलं. तो झेंडा १९८३ मध्ये मॅकिन्टॉशच्या गटाच्या इमारतीवर फडकला.

तिची चिन्हं सर्वांना कळतात असंही सरसकट म्हणू नये. कचऱ्याचा तो उभ्या पन्हाळ्यांचा पत्र्याचा डबा अमेरिकन रस्त्यावरचा. आपल्या घरात केराची टोपली असे, नाही तर सूप आणि कोपऱ्यातला ढीग. पत्र्याचा झाकणवाला डबा म्हणजे आपल्याकडे तांदूळ, गहू, चकली! त्यात कागद टाकला की तो नाहीसा होतो, हे आम्हाला शिकावं लागलं. पण शिकायला एक मिनिट लागलं आणि पुन्हा विसरलं नाही. चिन्ह रस्त्यावरच्या वाहतुकीच्या पाटीसारखं असावं, सजवलेल्या चित्रासारखं नको, असं ती म्हणत आली आहे. ते अशा अर्थानं पटतं.

२४ जानेवारी १९८४ ला मॅकिन्टॉश बाजारात आला, किंमत २४९५ डॉलर. त्याबरोबरच्या मॅकपेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या जाहिरातीत एक जपानी स्त्री केस विंचरताना दिसायची. हाशिगुची गोयो या चित्रकाराच्या १९२० च्या काष्ठमुद्रेवरून केअरनं ते काढलं होतं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत केसांचा एकेक पदर सुटा दिसतो. मी ते चित्र मोठं करत गेलो. जवळ गेलं की केस नाहीसे होतात, उरते नुसती खडी. लांब गेलं की पुन्हा केस.

१९८६ मध्ये ती जॉब्जच्या मागोमाग नेक्स्ट या त्याच्या नव्या कंपनीत गेली, तिथल्या पहिल्या दहांत तिचा नंबर. तीन वर्षांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. आणि मग ज्यांच्याशी तिच्या जुन्या कंपनीचं वाकडं होतं त्या मायक्रोसॉफ्टचंच काम आलं: मे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० ची चिन्हं, सोळा रंगांत. त्यातच पत्त्यांचा जोड. प्रत्येक पान ७१ बाय ९६ ठिपक्यांचं. सॉलिटेअरचा प्रोग्रॅम लिहिला वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या पोरानं, आणि त्याला त्यापायी एक छदाम मिळाला नाही. विंडोज एक्सपीपर्यंत, म्हणजे दीड दशकाहून जास्त, तोच जोड जगभर पिसला गेला. माझ्या दाखल्याचे साहेब, पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गात माउस धरायला शिकणाऱ्या बाया, रात्रपाळीचे ऑपरेटर, सगळे केअरच्या राणीवर राजा शोधत बसले.

कधी कधी वाटतं, एका चित्रकाराची चित्रं इतक्या लोकांनी इतका वेळ डोळे लावून पाहिली आणि एकानंही सही शोधली नाही, हे कलेच्या इतिहासात आणखी कुठं घडलं असेल? नोटांवर घडतं, टपाल तिकिटांवर घडतं. पण नोटेकडे आपण तासभर बघत बसत नाही. निदान पगाराच्या दिवसानंतर नाही.

पुढचं काम मी झरझर सांगतो, कारण मला ते तितकं भिडलं नाही. फेसबुकवर २००७ पासून काही वर्षं लोक एकमेकांना एक डॉलरची चित्रं भेट देत असत. छोटे केक, अस्वलं, चुंबनं. त्यांतली बरीच तिची. रंग भरपूर, जागाही दुप्पट, चौसष्ट बाय चौसष्ट. गोड आहेत. पण घरं वाढली तशी निवड सैल झाली असं मला दिसतं, आणि रंग आल्यावर व्यंगचित्रकार जरा सुस्तावतो. २०१५ मध्ये ती पिंटरेस्टमध्ये गेली, २०२१ मध्ये नियांटिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीत. दरम्यान २०१८ चं एआयजीए या डिझायनरांच्या संस्थेचं पदक, २०१९ चा कूपर ह्युइट या डिझाइन संग्रहालयाचा जीवनगौरव. स्वतःच्या जुन्या चिन्हांच्या सही केलेल्या छापील प्रती ती विकते. एवढ्या वर्षांनी त्यांच्यावर सही आली.

त्या अडीच डॉलरच्या वहीची पानं २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आपल्या संग्रहात घेतली. छायाचित्रांत ती नीट बघता येतात. हिरवट चौकटी, काळ्या-गुलाबी स्केचपेनचे ठिपके, कडेला हातानं लिहिलेल्या आज्ञा. घरं भरताना हात कुठे कुठे रेघेबाहेर गेलाय. संग्रहालयात गेलेली वस्तू बहुधा मूळच्यापेक्षा दिमाखदार दिसू लागते. ही वही मात्र अजूनही एखाद्या शाळकरी मुलीच्या दप्तरातून आल्यासारखी दिसते.

ती छायाचित्रं मी आत्याला दाखवली. तिनं चष्मा पुसला, हसरा मॅकिन्टॉश पाहिला, बोटानं घरं मोजली. मग म्हणाली, “उलट बाजू दाखव.”

भरतकामाची परीक्षा मागच्या बाजूनं होते. पुढून मोर सगळ्यांचाच बरा दिसतो. मागून बघितलं की धागा कुठून कुठे ओढत नेलाय, गाठी किती, गुंता किती, ते उघडं पडतं. मी म्हटलं, “आत्या, याला उलट बाजू नसते.” मग आठवलं की असते. हर्ट्झफेल्डचं ते सॉफ्टवेअर चित्राच्या पाठीमागं आकडे तयार करायचं. चार घरांमागे एक चिन्ह. बत्तीस घरांच्या ओळीला आठ चिन्हं. अशा बत्तीस ओळी. संध्याकाळभर बसून मी त्या हसऱ्या चेहऱ्याची घरं मोजली, एकेक ओळ आकड्यांत उतरवली आणि कागद तिच्या हातात दिला. वरच्या काही ओळी नुसती शून्यं, मग आकडे, पुन्हा शून्यं.

तिनं कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला, वरून खाली बोट फिरवलं.

“गाठी नाहीत,” ती म्हणाली. “कुणी तरी नीट शिकवलंय हिला.”

“आईनं,” मी म्हणालो.

“मग बरोबर,” म्हणून तिनं सुईत धागा ओवला.